जखमांची वही

महाराष्ट्रातल्या कुठल्याही महाविद्यालयात सकाळी सातच्या आधी गेलात, तर तिथे प्राचार्य नसतात, प्राध्यापक नसतात, मावशी मात्र असतात. खराटा, बादली आणि फडके घेऊन त्या एकेक वर्ग उरकत असतात. आवारात माळी पाइप ओढत असतो, रात्रपाळीचा वॉचमन सुटण्याच्या बेतात असतो, वसतिगृहाच्या मेसमध्ये आचाऱ्याने पोह्यांची कढई चढवलेली असते. शिपायाला मामा आणि झाडणारीला मावशी म्हणायची आपली रीत मायेची आहे, यात शंका नाही. पण गेल्या वर्षी यांतले किती मामा शिडीवरून पडले, किती मावशींचे हात ॲसिडने पोळले, असे विचारले तर बहुतेक संस्थांना आकडा सांगता येत नाही. विद्यार्थ्यांची हजेरी तासागणिक लागते, ग्रंथालयातल्या पुस्तकाला दाखल क्रमांक असतो, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेचे चंचुपात्र फुटले तर त्याचीही ब्रेकेज रजिस्टरमध्ये नोंद होते. फुटलेल्या काचेची नोंद आहे, ती काच उचलताना कापलेल्या हाताची नाही. कॅम्पसवरच्या सेवा कामगारांच्या सुरक्षेचा प्रश्न मला इथेच अडलेला दिसतो. हातमोजे, गमबूट, प्रशिक्षण हे सगळे लागतेच. पण जी इजा कुठेच लिहिली जात नाही ती टाळण्याची जबाबदारीही कुणावर येत नाही, आणि ती लिहिण्याचे काम ठेकेदाराचे नसून आवार ज्याच्या ताब्यात आहे त्याचे आहे.

आधी कामच नीट पाहू, कारण शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना ते सहसा दिसत नाही. लांबलचक व्हरांडा ओल्या फडक्याने पुसायचा म्हणजे दर काही पावलांवर वाकून ते पिळायचे. पिळण्याची सोय असलेली चाकांची बादली नसेल, तर हे काम मनगटाच्या जोरावर होते. बादली पंधरा लिटरची असेल तर भरल्यावर पाण्याचेच वजन पंधरा किलो, आणि नळ बहुधा मजल्याच्या एका टोकाला. पिण्याच्या पाण्याचा जार वीस लिटरचा, म्हणजे वीस किलोहून अधिक, आणि तो खांद्यावरून तिसऱ्या मजल्यावर जातो. अमेरिकेच्या ‘निऑश’ या व्यवसाय-आरोग्य संशोधन संस्थेने वजन उचलण्याचे जे सूत्र मांडले आहे, त्यात सगळी परिस्थिती अनुकूल असतानाची मर्यादा २३ किलो धरली आहे. अनुकूल म्हणजे वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, पाठीला पीळ न देता आणि क्वचित उचललेले. जिना, ओली पायरी आणि दिवसातून अनेक खेपा असल्या की ही मर्यादा झपाट्याने खाली येते. मेसमधल्या व्यावसायिक सिलिंडरमध्ये नुसता गॅसच १९ किलो असतो, वर लोखंडी टाकीचे वजन वेगळे. कंबर एका दिवसात जात नाही, काही वर्षांत जाते. आणि कोणत्या दिवशी गेली ते सांगता येत नाही म्हणून तिला अपघात म्हणत नाहीत.

स्वच्छतागृहातला धोका वेगळा आहे. पिवळे पडलेले भांडे उजळ दिसावे म्हणून ॲसिड ओततात आणि वास जावा म्हणून वरून ब्लिचिंग पावडर टाकतात. ब्लिचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. खिडकी बंद असलेल्या छोट्या खोलीत डोळे चुरचुरणे, घसा धरणे, छातीत आवळल्यासारखे होणे ही त्याची पहिली खूण. ती रोज दिसते आणि रोजची म्हणूनच कुणी मनावर घेत नाही. फुप्फुसांवरच्या दीर्घ परिणामाचा एक ठोस पुरावा युरोपातून आला आहे. तिथल्या सुमारे सहा हजार लोकांच्या श्वसनक्षमतेचा मागोवा दोन दशके ठेवला गेला. नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सफाईचे काम करणाऱ्या स्त्रियांची फुप्फुसांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा वेगाने घटली होती, आणि ही घट अनेक वर्षांच्या धूम्रपानाशी तुलना करावी एवढी होती. पुरुषांमध्ये हा परिणाम दिसला नाही. सफाई करणारे पुरुष त्या पाहणीत थोडे होते, हे लक्षात ठेवायला हवे. एका पाहणीवर सगळा भार टाकू नये हे मान्य. पण आपल्याकडे तर मोकळे ॲसिड बिनलेबलाच्या कॅनमधून येते आणि लिंबूपाण्याच्या जुन्या बाटलीत भरून मजल्यामजल्यावर वाटले जाते. आपल्या मावशींची स्थिती त्या युरोपीय स्त्रियांपेक्षा बरी असेल, असे समजायला कारण दिसत नाही.

बाकीच्या कामांचे धोके ओळखीचे आहेत. वायरमन पावसाळ्यात ओल्या भिंतीवरचा बोर्ड उघडतो. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप आणि पाटी लावायची पद्धत नसेल, तर खाली कुणीतरी अंधार झाला म्हणून तो चालू करतो. माळी गवत काढताना घोणस किंवा फुरसे निघते आणि पायात चप्पल असते. आचारी तापलेल्या तेलाशेजारच्या ओल्या फरशीवर घसरतो. भाजल्यावर वीस मिनिटे गार वाहत्या पाण्याखाली धरायचे असते. प्रत्यक्षात टूथपेस्ट लावली जाते, कारण तेवढा वेळ जागा सोडायला आणि नळापाशी थांबायला कुणी सांगितलेले नसते.

सेप्टिक टँकचे मात्र थांबून सांगायला हवे. शहराबाहेरच्या बऱ्याच संस्थांच्या आवारात ड्रेनेजची लाइन पोहोचलेली नसते, आणि वसतिगृहाची टाकी तुंबली की झाकण उघडले जाते. आत साठलेला हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी राहतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण दशलक्ष भागांत शंभराच्या आसपास प्रमाण गेले की नाकाची जाणीवच बधिर होते. वास गेला म्हणजे हवा शुद्ध झाली असे वाटून माणूस आणखी एक पाऊल खाली उतरतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. निऑशने १९८६ मध्येच नोंदवले होते की अशा बंदिस्त जागांतल्या मृतांत साठ टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात. भारतात २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि टाक्या साफ करताना ३७७ माणसे गेली, असे सरकारने संसदेत सांगितले. २०१३ चा हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा कायदा माणसाला धोकादायक रीतीने टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवतो, आणि प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे कामाला लावणाऱ्या कोणालाही त्यासाठी जबाबदार धरतो. ‘अप्रत्यक्षपणे’ हा शब्द तिथे मुद्दाम आहे. माणूस आमचा नव्हता, ठेकेदाराचा होता, हे उत्तर या कायद्यापुढे टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी दहा लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख रुपये भरपाई ठरवली. या कामावर कुणाला पाठवले जाते, तेही स्पष्ट बोलायला हवे. केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेखाली गटार आणि टाकी कामगारांची जी नोंद झाली, तिच्यात बहुसंख्य अनुसूचित जातींचे निघाले. आवारातला सर्वांत जीवघेणा धोका जातीच्या उतरंडीनेच वाटला गेला आहे.

मग इतर कामांच्या बाबतीत कायदा एवढा ठाम का नाही? कारण महाविद्यालय हे कामाचे ठिकाण आहे की नाही, यावर आपण साठ वर्षे वाद घालत आहोत. १९४८ चा कारखाना कायदा उत्पादनाच्या जागेसाठी होता; वर्ग, वसतिगृह आणि मेस त्यात बसत नव्हती. १९६३ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या बसचालकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शिक्षण हा उद्योग नाही. १९७८ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय मागे सारला आणि शिक्षणसंस्थाही उद्योगाच्या व्याख्येत आणल्या. १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात न्यायालय म्हणाले की शाळा हा उद्योग असला तरी शिक्षक ‘कामगार’ नाही. म्हणजे या व्याख्येचा खरा लाभ शाळेतल्या शिपायाला, माळ्याला आणि सफाई करणाऱ्यालाच होता. २०१७ मध्ये १९७८ चा तो निर्णयच नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे फेरविचारासाठी सोपवला गेला. दरम्यान औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय आणि समाजसेवी संस्था उद्योगाच्या व्याख्येतून वगळल्या. आणि आपल्याकडची बहुतेक महाविद्यालये चालवणाऱ्या संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनच नोंदलेल्या आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांपैकी सुरक्षा आणि आरोग्याची संहिता दहा कामगार असलेल्या आस्थापनेपासून सुरू होते आणि सगळ्यांना नेमणूकपत्र द्यायला सांगते. हे स्वागतार्हच आहे. पण सुरक्षा अधिकाऱ्याची सक्ती पाचशे कामगारांच्या कारखान्याचा आकडा धरून केलेली आहे; चाळीस सफाई कामगार, पंधरा वॉचमन आणि आठ माळी असलेल्या आवाराचा तिथे विचारच नाही. ब्रिटनने १९७४ मध्ये हा तिढा सोडवला तो जागेचा प्रकार न विचारता, काम करवून घेणाऱ्या प्रत्येकावर कर्तव्य टाकून. त्या कायद्याने शाळा आणि विद्यापीठांतले लाखो कर्मचारी प्रथमच संरक्षणाखाली आले.

या संदिग्धतेत ठेकेदारीची भर पडली आणि जखम बेवारस झाली. समजा, मावशींचा पाय जिन्यावरून घसरला आणि मनगट मोडले. कर्मचारी राज्य विमा योजना लागू असेल आणि ही इजा कामावरची म्हणून नोंदली गेली, तर तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात मजुरीच्या नव्वद टक्के रक्कम मिळते, आणि त्यासाठी आधी किती महिने वर्गणी भरली ते पाहिले जात नाही. तीच मोडतोड साधे आजारपण म्हणून गेली, तर सत्तर टक्के, तेही ठरावीक दिवस वर्गणी भरलेली असेल तर आणि दिवसांची मर्यादा घालून. एका ओळीच्या नोंदीने नव्वद आणि सत्तर यांतला फरक पडतो. इजा मोठी असेल, तर आयुष्यभराच्या निवृत्तिवेतनाचा. या योजनेच्या १९५० च्या विनियमांत अपघात पुस्तिका ठेवायची तरतूद आहेच. पण ती ठेवायची मालकाने, मालक म्हणजे ठेकेदार, आणि त्याचे कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला असते. मुकादमाला फोन जातो, तो म्हणतो चार दिवस घरी बसा, चार दिवसांचा खाडा पडतो, आणि पाचव्या दिवशी प्लास्टरमधल्या हाताने खराटा धरला जातो. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने मुख्य मालकालाही जबाबदार धरले होते, मात्र ठेकेदाराला दिलेले काम त्या मालकाच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असेल तर. शिकवणे हा व्यवसाय असलेल्या संस्थेच्या दृष्टीने झाडणे हा व्यवसायाचा भाग आहे का? माझे उत्तर सरळ आहे: न झाडलेल्या वर्गात आणि तुंबलेल्या वसतिगृहात शिक्षण एक आठवडाही चालत नाही, म्हणून आहे. पण ज्या प्रश्नाचे उत्तर जखमी माणसाला वकिलामार्फत मिळवावे लागते, तो त्याच्या बाजूने सुटलेला नसतो.

दुसरी वाट आपल्याकडेच आहे. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम कामगाराची नेमणूक कुणी केली हे विचारतच नाहीत. ते जबाबदारी टाकतात भोगवटादारावर, म्हणजे संस्था आणि तिची जागा ज्याच्या प्रशासकीय ताब्यात आहे त्याच्यावर. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, रुजू होताना आणि दरवर्षी आरोग्य तपासणी, प्रशिक्षण, सुया टाकायला टोचणार नाही असा डबा, आणि अपघातांचा अहवाल. त्यातली एक बारीक तरतूद मला फार मोलाची वाटते: मोठा अपघात झालाच नाही, तरी ‘निरंक’ असे लिहून द्यावे लागते. काही न लिहिणे आणि काही झाले नाही असे सही करून लिहिणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता एकाच शिक्षणसंस्थेचे वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालय शेजारीशेजारी आहे असे समजा. कुंपणाच्या एका बाजूला हाताला सुई टोचलेल्या सफाई कामगाराला एचआयव्हीविरुद्धचे प्रतिबंधक औषध लवकरात लवकर, फार तर बहात्तर तासांच्या आत सुरू करायचे, ही रीत ठरलेली. दुसऱ्या बाजूला वसतिगृहाच्या कचऱ्यात दाढीचे पाते किंवा इन्सुलिनची सुई टोचली, तर तोंडाने बोट चोखून पुढचा डबा उचलायचा. हात दोन्हीकडे सारखाच आहे.

जबाबदारी आवाराच्या मालकाकडे असावी, याला आणखी एक कारण आहे: धोक्याची माहिती त्याच्याचकडे असते. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात वर्षानुवर्षे पडून असलेले किरणोत्सर्गी कोबाल्टचे उपकरण भंगारात लिलावाने गेले. मायापुरीच्या बाजारात कामगारांनी ते फोडले, अनेकांना किरणोत्सर्गाची बाधा झाली आणि एक जण दगावला. उपकरणात काय आहे हे जाणण्याची पात्रता विद्यापीठात होती, फोडणाऱ्या हातांना त्याची कल्पनाही नव्हती. रोजच्या व्यवहारात हेच लहान प्रमाणावर घडते. बेसिनमध्ये काय ओतले ते प्रयोगशाळेला ठाऊक, तुंबलेला पाइप उघडतो प्लंबर. कोणते छत कुजले ते बांधकाम विभागाला ठाऊक, त्यावर चढतो टाकी धुणारा.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा: मोजे दिले तरी ही माणसे घालत नाहीत. काही ठिकाणी ते खरेही आहे. पण जाड रबरी मोजे ओल्या फडक्यावर घसरतात, उन्हाळ्यात आत घाम साचतो आणि एकच माप सगळ्यांना दिले तर स्त्रियांच्या हातांना ते ढगळ होते. मुख्य म्हणजे मोजे हा शेवटचा उपाय आहे. सुरक्षेच्या शास्त्रात क्रम ठरलेला आहे: आधी धोका काढून टाका, नाहीतर बदला, नाहीतर त्याला अडसर घाला, मग कामाची पद्धत सुधारा, आणि एवढे करूनही उरेल त्यासाठी अंगावरचे साधन. मोकळे ॲसिड खरेदीच्या यादीतून काढले तर त्याच्यासाठी मोजे लागत नाहीत. प्रत्येक मजल्यावर नळ आणि पिळणीची बादली दिली तर कंबर सांभाळण्यावर व्याख्यान लागत नाही. टाकी सक्शन गाडीने उपसली तर माणूस आत उतरतच नाही. कामगाराच्या हलगर्जीचा मुद्दा कायद्यानेही मर्यादेतच ठेवला आहे: मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले, तर त्याने सूचना मोडली होती या सबबीवर भरपाई नाकारता येत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. अनुदान अपुरे आहे, पदभरती अडली आहे, हे खरे आहे आणि लहान संस्थांची ओढाताण मी हलकी मानत नाही. पण सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारताना मोज्यांचे, गमबुटांचे आणि लसीचे पैसे दरातूनच गळतात. ठेकेदार ते स्वतःच्या नफ्यातून देईल, ही अपेक्षा खोटी आहे. निविदेत या खर्चाची वेगळी ओळ असावी आणि तिच्यावर स्पर्धा नसावी. हे कुलसचिवांच्या अधिकारात बसणारे काम आहे, त्याला नवा कायदा लागत नाही.

तिसरा आक्षेप मला जास्त विचार करायला लावतो: नोंद ठेवली की संस्था बदनाम होईल, म्हणून नोंद खोटी होईल. ही भीती निराधार नाही. इजा शून्य दाखवणाऱ्याला बक्षीस दिले की माणसे जखमा लपवतात. म्हणून वही ठेकेदाराकडे किंवा मुकादमाकडे नको, आवारातल्या दवाखान्यात हवी, आणि तिथे आधी मलमपट्टी व्हावी, ओळखपत्र नंतर विचारावे. आज अनेक ठिकाणी तो दवाखाना विद्यार्थी आणि कायम कर्मचाऱ्यांपुरताच असतो. कंत्राटी माणसासाठी दार उघडले की नोंद आपोआप होऊ लागेल. थोडक्यात निभावलेले प्रसंगही त्यात लिहावेत, कारण सरकलेली शिडी ही पुढच्या पडझडीची आगाऊ सूचना असते. ठेकेदार दोन-तीन वर्षांनी बदलतो, माणसे बहुधा तीच राहतात, त्यामुळे नोंद माणसाच्या नावे पुढे चालली पाहिजे. महाराष्ट्राला हे नवे नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाची नोंद मंडळाकडे ठेवली, मालक बदलला तरी ती टिकते; १९८१ मध्ये खाजगी सुरक्षारक्षकांसाठीही तसाच कायदा झाला. शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीत अध्यापन, संशोधन, निकाल, समावेशकता आणि लौकिक असे पाच निकष आहेत. आवारात काम करणाऱ्यांच्या इजांना त्यांत जागा नाही. ती मिळेपर्यंत थांबायचे कारण नाही.

वाचकांपैकी कुणी व्यवस्थापन परिषदेवर असतील, अधिसभेवर असतील, पालक किंवा माजी विद्यार्थी म्हणून एखाद्या समितीत असतील. पुढच्या बैठकीत एवढेच विचारा, की गेल्या वर्षभरात आपल्या आवारात काम करताना किती जणांना इजा झाली. एकालाही नाही, असे उत्तर आले, तर ते ‘निरंक’ ज्या वहीत लिहिले आहे ती वही टेबलावर मागवा.